हरभऱ्याचा शेंडा खुडला की फांद्या का फुटतात? सायटोकायनिन आणि त्याची जनुके

हरभरा कोवळा असताना, फुले लागण्याआधी त्याचे शेंडे खुडण्याची पद्धत मराठवाड्यात जुनी आहे. खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते आणि झाडाला बाजूने जास्त फांद्या फुटतात. जास्त फांद्या म्हणजे जास्त फुले आणि जास्त घाटे. शेंडा तोडल्यावर झाडाच्या आत नेमके काय घडते, याचे उत्तर ‘सायटोकायनिन’ नावाच्या संप्रेरकात आणि ते तयार करणाऱ्या जनुकांत आहे.

सायटोकायनिन म्हणजे काय?

संप्रेरक म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात तयार होऊन शरीरातल्या पेशींना निरोप देणारे रसायन. सायटोकायनिन वनस्पतीच्या पेशींना ‘विभागा, वाढा’ असा निरोप देते. कोंब फुटणे, पाने हिरवी राहणे, कणसात दाणे भरणे, द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी येणे, या सगळ्यांत त्याचा हात असतो.

१९५५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांच्या गटाने या गटातले पहिले रसायन, कायनेटिन, शोधले. पुढे मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून झिएटिन मिळाले. मक्याच्या ‘झिया’ या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव पडले. नारळाच्या पाण्यातही सायटोकायनिन असते. म्हणूनच प्रयोगशाळेत रोपे वाढवताना ते पाणी वापरले जात असे.

ते तयार कोण करते?

या कामात मुख्यतः तीन टप्पे आणि तीन जनुकगट आहेत.

आयपीटी: हा उत्पादक. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक म्हणजे ॲडेनिन. ते ज्या रेणूंचा भाग आहे, त्या एटीपी आणि एडीपी रेणूंना आयपीटी पाच कार्बनची एक शेपटी जोडते. इथूनच सायटोकायनिनची सुरुवात होते.

एलओजी: हा कच्च्या मालाला कामाचे रूप देतो. भातात हे जनुक बिघडले की फुलात अनेकदा एकच पुंकेसर उरतो आणि स्त्रीकेसर नसतो. म्हणून संशोधकांनी त्याला ‘लोनली गाय’, म्हणजे एकटा गडी, असे नाव दिले. हा शोध २००७ साली प्रसिद्ध झाला.

सीकेएक्स: हा मोडणारा. तो ती शेपटी तोडतो आणि सायटोकायनिन निकामी होते.

एखाद्या भागात सायटोकायनिन किती राहील, हे मुख्यतः बनवणाऱ्या आणि मोडणाऱ्या जनुकांच्या हिशेबावर ठरते.

शेंडा खुडल्यावर काय होते?

शेंड्यात ऑक्झिन नावाचे दुसरे संप्रेरक तयार होते आणि खोडातून खाली येते. ते पेरांजवळची आयपीटी जनुके दाबून ठेवते, त्यामुळे बगलेतले डोळे झोपलेले राहतात. शेंडा तुटला की वरून येणारे ऑक्झिन घटते, आयपीटी जनुके जागी होतात, पेराशीच सायटोकायनिन तयार होते आणि डोळे फुटतात. जपानी संशोधकांनी हे वाटाण्यात २००६ साली दाखवले. वाटाणा आणि हरभरा एकाच कुळातले आहेत. शेंड्याकडे जाणारी साखर डोळ्यांना मिळू लागते, त्याचाही यात वाटा असतो.

नत्राचाही संबंध इथे येतो. अरॅबिडोप्सिस या प्रयोगवनस्पतीत नायट्रेट मिळताच एक आयपीटी जनुक जोर धरते, असे दिसले आहे. नत्र मिळाल्यावर पिकाचा पाला जोमाने वाढतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

मग सायटोकायनिन वाढवले की उत्पादन वाढेल?

इथेच गफलत होते. जे संप्रेरक वर कोंब वाढवते, तेच मुळांची वाढ रोखते. त्यामुळे किती आहे यापेक्षा कुठे आहे, हे महत्त्वाचे. दोन उदाहरणे एकमेकांच्या उलट आहेत.

पहिले भाताचे. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले की ‘हाबाताकी’ या वाणाच्या लोंबीत दाणे जास्त असतात, कारण त्यात सीकेएक्स२ जनुक कमी काम करते. मोडणारा मंद झाला, लोंबीत सायटोकायनिन वाढले, दाणे वाढले. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा मसुरी वाणात याच जनुकाचे संपादन करून ‘डीआरआर धान १०० (कमला)’ हे वाण विकसित केले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने ते जाहीर केले.

दुसरे हरभऱ्याचे. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हरभऱ्याचे सीकेएक्स६ जनुक फक्त मुळांत जोमाने चालेल, अशी रचना केली. मुळांतले सायटोकायनिन घटले, मुळे वाढली, झाडे पाण्याचा ताण जास्त सोसू लागली आणि उत्पादनही वाढले. मुळांवरच्या गाठींना धक्का बसला नाही. दाण्यांत जस्त आणि लोह वाढल्याचेही दिसले. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले.

एकाच गटातले जनुक, पण भाताच्या लोंबीत ते मंद करून फायदा झाला आणि हरभऱ्याच्या मुळात जोमाने चालवून.

परभणीसाठी याचा अर्थ काय?

परभणी जिल्ह्यातल्या काळ्या भारी जमिनीत कोरडवाहू हरभरा पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर वाढतो. वरचा थर सुकत जातो आणि ओल खाली सरकते. घाटे भरण्याच्या वेळी मुळी तिथवर पोहोचली, तरच दाणा पोसतो. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आजचे त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. त्याच्या बदनापूर केंद्राने ‘आकाश’सारखे हरभऱ्याचे वाण दिले आहेत. ही वाणे नेहमीच्या संकर आणि निवड पद्धतीने तयार होतात, त्यांत वरचा जनुकबदल नाही.

मुळात बदल केलेला तो हरभरा अजून शेतात आलेला नाही. बाहेरून जनुक-रचना घातलेल्या पिकाला जीएम पिकाची परवानगी लागते. भारतात व्यापारी लागवड होणारे जीएम पीक आजवर बीटी कापूस हेच, २००२ पासून. कमला भातासारख्या, परके जनुक न उरलेल्या संपादित वाणांना मात्र २०२२ पासून या नियमांतून सूट आहे.

फवारणीने दिलेले संप्रेरक आणि जनुकातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकातून नेमका एकच अवयव निवडता येतो, फवाऱ्याला तशी निवड जमत नाही. शेंडा खुडणारा हात मात्र पैसा न खर्चता नेमक्या जागची आयपीटी जनुके जागी करतो.