शवासनाचे तीन आठवडे

योगवर्गात शेवटची दहा मिनिटं शवासनाची. बाई सांगतात, "डोळे मिटा, शरीर सैल सोडा, मनात काही आणू नका." मी डोळे मिटतो आणि मनात सगळं येतं. विजेचं बिल, मुलाची फी, सकाळी बायकोला उगाच तोडून बोललो ते. शेजारचे काका दुसऱ्या मिनिटाला घोरू लागतात. त्यांचा हेवा वाटतो.

डॉक्टरांनी रक्तदाब बघून वर्गाला पाठवलं होतं. वडिलांना साठीच्या आत अर्धांगाचा झटका आलेला, त्यामुळे चेष्टेचा विषय नाही. तरी चौथ्या दिवशी सोडलं. आपल्याला जमणारं नाही हे!

मग वाचत सुटलो. करायचं सोडून त्याबद्दल वाचायचं, हा माझा जुना पळपुटेपणा.

माझी समजूत अशी की शवासन म्हणजे व्यायामानंतरची विश्रांती. पण 'दत्तात्रेययोगशास्त्र' या साधारण तेराव्या शतकातल्या ग्रंथात मढ्यासारखं उताणं पडणं येतं ते लययोगात, म्हणजे चित्ताचा लय करण्याच्या युक्त्यांमध्ये. पंधराव्या शतकात स्वात्मारामांनी 'हठयोगप्रदीपिके'त त्याला आसनांच्या रांगेत बसवलं आणि फळं दोन सांगितली: शीण जातो, चित्ताला विसावा मिळतो. 'घेरंडसंहिते'त ते मृतासन म्हणून येतं. म्हणजे मन हाच त्यातला मुख्य उद्योग. मी मात्र ते आधीच शांत असायला हवं असं धरून आडवा होत होतो.

खरा धक्का पुढे होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांवरचा शवासनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहकाऱ्यांत लोणावळ्याच्या कैवल्यधामचे डॉ. विनेकरही होते. औषध न घेणारे जे दहाजण होते, त्यांचा सरासरी दाब 134 वरून 107 वर आला. रुग्णसंख्या लहानच, आणि सगळ्यांना सारखा गुण आला असंही नाही. (माझी गोळी चालू आहे, हे सांगून ठेवतो.) 1970च्या दशकात लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी असेच प्रयोग केले, तुलनेसाठी वेगळा गट ठेवून. असो.

मी अडकलो ते दात्यांच्या पद्धतीपाशी. "मनात काही आणू नका" हे त्यात नाहीच. रुग्णाला काम दिलेलं असे. पोटाने संथ श्वास घ्यायचा आणि नाकपुडीशी लक्ष ठेवायचं: आत जाणारी हवा गार लागते, बाहेर येणारी कोमट. रोज अर्धा तास. आणि हे नीट जमायला बहुतेकांना साधारण तीन आठवडे लागत.

तीन आठवडे! केईएमच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली! आणि मी चार दिवसांत स्वतःला नापास करून मोकळा.

पुन्हा जायला लागलो. बाईंनी काही विचारलं नाही, काकांनी चटई सरकवून जागा दिली. आज अकरावा दिवस. गार, कोमट, गार, कोमट... काल चौदा श्वास सलग सापडले. पंधराव्याला विजेचं बिल आलं.