ठसेकाम (बालशिक्षण)

ठसेकाम हा पूर्वप्राथमिक व प्राथमिक वर्गांतील कलाशिक्षणाचा एक उपक्रम आहे. एखाद्या वस्तूस रंग लावून ती कागदावर किंवा कापडावर दाबली असता उमटणाऱ्या आकारास ठसा म्हणतात. असे ठसे ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा उमटविल्यास आकृतिबंध तयार होतो. ज्या बालकाचा हात अद्याप रेषेवर बसलेला नाही, त्यालाही यात सुबक आकार मिळतो व त्याचे लक्ष मांडणीकडे राहते.

पार्श्वभूमी

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे केलेल्या कार्यात पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तूंना शैक्षणिक साधनांचे स्थान मिळाले. ठसेकामाचे साहित्यही बहुतांशी असेच परिसरातून मिळते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात पायाभूत संख्याज्ञानाचा एक घटक म्हणून आकृतिबंधांचा समावेश आहे.

साहित्य

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण किनाऱ्यावर या उपक्रमासाठी पुढील वस्तू सहज उपलब्ध होतात :

* जून भेंडी : आडवी कापल्यास फुलासारखा ठसा. भाजीस निरुपयोगी झालेली भेंडी वापरल्याने अन्नाची नासाडी होत नाही.
* केळीच्या पानाचा देठ : चंद्रकोरीसारखा, जाळीदार ठसा.
* करवंटी : काठाचे वर्तुळ.
* तिसऱ्यांचे शिंपले : कडेची कमान.
* सुंभ : लाकडी ठोकळ्यावर गुंडाळल्यास समांतर रेषा.
* जास्वंद, पिंपळ इत्यादींची पाने : शिरा मागील बाजूस उठावदार असल्याने रंग त्याच बाजूस लावतात.

कृती

ताटलीत ओल्या कापडाची घडी ठेवून तीवर घट्टसर रंग पसरतात. हळद किंवा आमसुलाचे पाणी वापरावयाचे असल्यास त्यात शिजवलेली खळ मिसळतात, अन्यथा रंग ओघळतो. भाजीचा कापलेला भाग प्रथम पुसून कोरडा करतात. ठसा सरळ दाबून सरळच उचलावा. सरकविल्यास कडा फिसकटतात.

आकृतिबंधाचे प्रकार

आरंभी दोन ठसे एकाआड एक घेतात : भेंडी, करवंटी, भेंडी, करवंटी. त्यानंतर दोन भेंड्या व एक करवंटी, पुढे तीन वस्तूंचा क्रम आणि शेवटी एकच ठसा दर वेळी फिरवून उमटविणे, अशी काठिण्यपातळी वाढते. क्रम चुकल्यास लगेच दुरुस्त न करता बालकास तो मोठ्याने वाचावयास सांगतात. बहुधा चूक त्याची त्यालाच उमगते.

दक्षता

ओल्या काजूबियांच्या टरफलातील तेलाने त्वचा भाजते, म्हणून त्या वापरू नयेत. केळीच्या रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. कापण्याचे काम शिक्षकांनीच करावे. पावसाळ्यातील दमट हवेत ठसे उशिरा वाळतात. कागद एकमेकांवर न रचता दोरीवर टांगावेत.

मर्यादा

प्रदर्शनासाठी मोठ्यांनी आखून दिलेल्या जागी मुलांनी केवळ ठसे उमटविल्यास कागद नीटनेटका दिसतो. परंतु क्रम ठरविण्याचा विचार मुलाचा राहत नाही. त्यामुळे मूल्यमापनात ठशांच्या सुबकतेपेक्षा दोन गोष्टींना महत्त्व द्यावे लागते : मुलाला आपला नियम सांगता येतो का, आणि तोच नियम दुसऱ्या वस्तू घेऊन पुन्हा मांडता येतो का.