दिसतं ते आणि आपण जोडतो ते

आज आम्ही तुम्हाला एका छोट्याशा सिनेमाची गोष्ट सांगणार आहोत. या सिनेमात माणूस नाही, जनावर नाही. आहेत ते एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि एक चौकट. चौकटीचा एक भाग दारासारखा उघडतो आणि मिटतो. सिनेमा जेमतेम अडीच मिनिटांचा. पण एक माणूस दुसऱ्या माणसाच्या वागण्याचा अर्थ कसा लावतो, याचा अभ्यास करणारे आजही त्याचं नाव घेतात.

तो केला दोघांनी. फ्रिट्झ हायडर हे मूळचे ऑस्ट्रियाचे. १९३० साली ते अमेरिकेत नॉर्दॅम्प्टन गावी बहिऱ्या मुलांच्या शाळेत संशोधनासाठी आले आणि तिथल्याच स्मिथ कॉलेजात शिकवू लागले. हे मुलींचं कॉलेज. मेरिआन सिमेल ही त्यांची विद्यार्थिनी, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेल्या कुटुंबातली. दोघांनी मिळून १९४४ साली या सिनेमाचा अभ्यास छापला.

कॉलेजातल्या ३४ मुलींना त्यांनी सिनेमा दाखवला आणि एवढंच सांगितलं, “काय झालं ते लिहा.” आता पडद्यावर होतं काय? आकार सरकतात, एकमेकांना भिडतात, चौकटीत शिरतात, बाहेर येतात. शेवटी मोठा त्रिकोण एकटा उरतो आणि चौकट मोडते. पण मुलींनी काय लिहिलं? मोठा धटिंगण आहे, तो धाकट्याला मारतो, ती बिचारी घाबरून घरात लपली, दोघं पळून गेले, तो चिडला आणि त्यानं घर फोडलं, अशा धर्तीच्या गोष्टी. ३४ जणींपैकी फक्त एकीनं “त्रिकोण इकडून तिकडे सरकला” असं कोरडं वर्णन केलं. दुसऱ्या काही मुलींना तर थेट विचारलं होतं, की मोठा त्रिकोण स्वभावानं कसा आहे? जवळजवळ सगळ्यांनी त्याला भांडकुदळ, दांडगट ठरवलं.

पुठ्ठ्याच्या तुकड्याला कुठला आलाय स्वभाव? राग, भीती, हेतू हे सगळं बघणाऱ्याच्या मनानं जोडलं. आणि जोडलं इतक्या झटक्यात, की आपण काही जोडतोय याची जाणीवच झाली नाही. सगळं डोळ्यांनी दिसल्यासारखंच वाटलं.

हा काही मनाचा दोष नाही. हीच ताकद नसती, तर बाळाचं रडणं भुकेचं की झोपेचं, हे आईला कळलं नसतं. सूनबाईनं भांडं कसं ठेवलं, यावरून घरातलं वातावरण ओळखता आलं नसतं. रोजचा संसार याच ओळखीवर चालतो. म्हणूनच साध्या माणसांची ही समज अभ्यासण्याजोगी आहे, असं हायडर मानत. १९५८ साली त्यांनी यावर मोठं पुस्तक लिहिलं.

त्यांचं एक म्हणणं आपल्या कामाचं आहे. एखादं काम झालं की नाही, हे कशावर ठरतं? माणसाच्या अंगात किती बळ आहे, त्यानं किती खटपट केली आणि काम किती अवघड होतं, या तिन्हींवर. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांत करणारा माणूसच भरतो. त्याच्या भोवतीची परिस्थिती मागे राहते.

पुढे १९६७ साली जोन्स आणि हॅरिस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी हे पडताळून पाहिलं. क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूनं आणि विरुद्ध लिहिलेले निबंध त्यांनी विद्यार्थ्यांना वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं, की कोणत्या बाजूनं लिहायचं हे लिहिणाऱ्याला नेमून दिलं होतं, निवड त्याची नव्हती. तरीही वाचणाऱ्यांचा कल असाच, की लिहिलंय तसंच थोडंफार त्याच्या मनातही असणार. शाळेतल्या वादविवादात बाईंनी दिलेली बाजू मांडणाऱ्या मुलीला आपण तिचं खरं मत चिकटवावं, तसंच हे.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्या गटाच्या बैठकीत रोज घडतं. एखादीचे दोन हप्ते थकले, ती बैठकीलाही आली नाही, की कुणीतरी म्हणतं, “तिला भरायचेच नाहीत.” यातलं दिसलं किती? हप्ता आला नाही, एवढंच. ‘भरायचेच नाहीत’ हे आपण जोडलं. कदाचित ते खरंही असेल. पण कदाचित मजुरीच मिळाली नसेल. कदाचित तिनं जमवलेले पैसे घरात कुणी काढून घेतले असतील आणि ते चारचौघींत सांगायची लाज वाटत असेल. एकदा ‘बुडवी’ असं नाव पडलं, की पुढचं कर्ज अडतं, गावातली पत जाते, आणि ती बाई गटातून मनानं आधीच बाहेर पडते.

याचा अर्थ नियम सैल सोडा, असं आम्ही म्हणत नाही. थकबाकी ती थकबाकीच, आणि तो पैसा सगळ्याजणींचा आहे. मात्र निर्णयाआधी दोघीजणींनी तिच्या घरी जावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात. भरण्याची ऐपत होती का? खटपट काय केली? आडवं काय आलं? मग इतिवृत्तात जे घडलं ते लिहावं आणि तिनं दिलेलं कारण तिच्याच शब्दांत लिहावं. आपला अंदाज त्यात मिसळू नये. वहीत ‘हप्ता भरला नाही’ असं लिहिता येतं. ‘भरायचा नव्हता’ हे तिला विचारल्याशिवाय लिहिता येत नाही.