डब्यातलं पाणी आणि कमानीचे पाटे

युद्धाच्या गोष्टी म्हटल्या की आपल्याला रणगाडे, विमानं आणि सेनापती आठवतात. बॉनेटमध्ये डोकं घालून उभ्या असलेल्या फिटरवर कोणी सिनेमा काढत नाही! पण दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात शेकडो मैल आत घुसणाऱ्या 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'ची गोष्ट बघितली तर ती निम्मी अधिक मेंटेनन्सचीच आहे.

या पथकाचा जनक राल्फ बॅगनॉल्ड. केंब्रिजमध्ये इंजिनिअरिंग शिकलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी. १९२६ मध्ये त्याची बदली ईजिप्तला झाली. आपण सुट्टीत लोणावळा गाठतो, तसा हा गडी मित्रांना घेऊन फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांतून वाळवंटात जायचा. तिथे पहिला शत्रू म्हणजे उकळणारा रेडिएटर. मऊ वाळूत इंजिनावर लोड प्रचंड, वेग कमी, त्यात वारा पाठीमागून आला की रेडिएटरमधून हवाच जात नाही. वाफ ओव्हरफ्लो पाइपमधून बाहेर, म्हणजे पाणी गेलं ते गेलंच. आणि ते परत भरायचं कुठून? तर माणसांच्या पिण्याच्या पाण्यातून!

उपाय अगदी साधा होता. ओव्हरफ्लोचं तोंड बाहेर मोकळं न सोडता नळीने एका डब्याला जोडायचं. डबा अर्धा पाण्याने भरलेला. वाफ त्या गार पाण्यात शिरली की तिचं पुन्हा पाणी होतं. डब्यातलं पाणीही उकळायला लागलं, की थांबायचं आणि गाडीचं नाक वाऱ्याकडे करायचं. इंजिन गार होतं, आत राहिलेली वाफ आकसते, निर्वात पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी गुडगुड करत आपोआप रेडिएटरमध्ये परत! ना पंप, ना व्हॉल्व्ह. अट एकच, सगळे सांधे हवाबंद हवेत. एखादी क्लिप सैल असेल तर पाण्याऐवजी हवा खेचली जाणार. ही युक्ती पहिल्या महायुद्धात तिथल्या गस्ती पथकांच्या फोर्ड गाड्यांवरही होती, त्यामुळे शोधाचं सगळं श्रेय बॅगनॉल्डला देता येत नाही. त्याने ती नेटाने वापरली, हे मात्र खरं.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि जनरल वेव्हेलने बॅगनॉल्डला पथक उभारायला जेमतेम सहा आठवडे दिले. त्याने निवडले साधे शेव्हरोले ट्रक, तेही टू-व्हील ड्राइव्ह. दारं आणि टप काढून टाकले, पुढे कंडेन्सर बसवले आणि कमानींत जादा पाटे घातले. कारण दीड टनी ट्रकवर पेट्रोल, पाणी, दारूगोळा आणि रेशन मिळून दोन टनांच्या आसपास माल चढायचा. दगडाळ पठारावर पाटा तुटला तर ट्रक तिथेच बसणार. पण पाटे वाढवले की कमान कडक होते आणि पूर्वी ती गिळायची ते धक्के चासीपर्यंत पोचतात. म्हणजे बोल्ट आणि माउंटिंग रोज तपासणं आलंच. टायरची हवाही वाळूत कमी करायची, दगडांवर पुन्हा भरायची.

माणशी पाण्याचं रेशन रोज सहा पिंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. स्वयंपाक, चहा सगळं त्यातच. आता त्या सैल क्लिपचा हिशोब करून बघा. जानेवारी १९४१ मध्ये हे पथक मुर्झुकवर हल्ला करायला कैरोहून हजाराहून जास्त मैल गेलं. ते धाडस होतंच, पण मुक्कामावर पाना घेऊन गाडीखाली शिरणाऱ्यांशिवाय ते घडलंच नसतं. आपल्याकडेही सर्व्हर रात्रभर नीट चालला तर कोणी मेल पाठवत नाही. असो.

आजच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॉनेटखाली कूलंटची प्लास्टिकची बाटली असते. गरम झाल्यावर कूलंट तिच्यात जातं आणि गार झाल्यावर परत ओढलं जातं. तत्त्व तेच. शिवाय आता सिस्टिम दाबाखाली असते. साधारण एक वातावरणाचा जादा दाब असेल तर पाणी १०० ऐवजी १२० अंशांना उकळतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, पातळी बघा आणि होजच्या क्लिपा एकदा हाताने चाचपून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.