जुन्या मोटारगाड्यांचे पुनरुज्जीवन व रंगकाम : रायपूर

उत्पादन बंद पडलेल्या, परंतु रचनेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने जपण्याजोग्या मोटारगाडीचा सांगाडा, पत्रा, इंजिन, अंतर्भाग आणि रंग शक्य तितका मूळ स्थितीच्या जवळ आणण्याच्या कामास पुनरुज्जीवन म्हणतात. रंगकाम हा त्यातील जवळजवळ शेवटचा टप्पा असला, तरी सर्वांत फसवा टप्पाही तोच होय. कारण इंजिनातील चूक आवाजावरून कळते, रंगातील चूक मात्र चकचकीत दिसते आणि गाडीविषयीचा मूळ पुरावा कायमचा झाकून टाकते.

फिवा या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाच्या व्याख्येनुसार किमान तीस वर्षे जुने, इतिहासाला धरून जतन केलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक ठरते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झाल्याची अट घातली असून, चासी, बॉडीचा सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, असेही म्हटले आहे. या नोंदणीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, ती दहा वर्षे वैध असते आणि नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. या दोन मर्यादांच्या मधल्या गाड्यांना, म्हणजे मध्यमवर्गीय घरांतून आजही सापडणाऱ्या प्रीमियर पद्मिनी व अँबेसिडर यांपैकी पुष्कळ गाड्यांना, ही नोंदणी मिळत नाही. जपणुकीची खरी निकड मात्र त्यांनाच आहे.

रायपूर हे मुंबई किंवा कोलकात्यासारखे जुन्या गाड्यांचे मोठे केंद्र नव्हे, पण त्याचे स्थान या कामाला सोयीचे आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता आणि अँबेसिडर बनवणाऱ्या हिंदुस्तान मोटर्सचा हावड्याजवळ उत्तरपाड्याला. नागपूरमार्गे जाणाऱ्या मुंबई–हावडा लोहमार्गावर रायपूर मुंबईपासून सुमारे १,१४० आणि हावड्यापासून सुमारे ८३० किलोमीटरवर आहे. त्यामुळे फियाटच्या, म्हणजे पद्मिनीच्या, सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजाराकडे आणि अँबेसिडरच्या भागांसाठी कोलकात्याच्या मल्लिक बाजाराकडे पाहणे येथील मालकाला सारखेच शक्य होते. रायपूर ज्यात येते ते छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, त्या वेळी पांढरी अँबेसिडर हे देशभर सरकारी गाडीचे ठरीव रूप होते. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवून मिळत नसल्याने त्या वर्गातल्या गाड्या आता भंगारातच जातात. शेजारच्या भिलाईत १९५९ पासून पोलाद तयार होत असले, तरी तो कारखाना प्रामुख्याने रूळ आणि जाड प्लेटी बनवतो. गाडीच्या अंगाला लागणारा, मिलिमीटरभर जाडीचा थंड लाटलेला पत्रा तेथे होत नाही. दाराशी पोलादाचा डोंगर असूनही रायपूरच्या डेंटरला पत्रा बाहेरून आलेलाच घ्यावा लागतो.

रंगाचा पहिला प्रश्न छटेचा असतो आणि त्याचे उत्तर बोनेटवर क्वचितच सापडते. उघड्या भागावरचा रंग उन्हाने विटतो, तर जुने एनॅमल अंधाऱ्या जागी राहिल्यास पिवळसर पडते. म्हणून डॅशबोर्डच्या मागचा, दाराच्या रबराखालचा आणि डिकीच्या अस्तरामागचा अशा निदान तीन जागांचे नमुने उजेडात ठेवून तुलना करणे श्रेयस्कर ठरते. एखाद्या सपाट जागी रुपयाएवढ्या भागावर बारीक वॉटर पेपर गोलाकार फिरवला, की आजवर चढलेले थर वर्तुळांत उघडे पडतात. मधोमध उघडा पत्रा, त्याभोवती कारखान्यातील प्रायमर, मग मूळ रंग आणि नंतर दर वेळी मालकाने किंवा अपघाताने चढवलेला एकेक थर, असा गाडीचा सगळा पूर्वेतिहास दोन बोटांच्या जागेत वाचता येतो. हे वर्तुळ छायाचित्रात नोंदवल्याशिवाय रंग खरवडण्यास हात घालणे हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत अक्षम्य उतावीळपणा आहे. छटा यंत्राने मोजून जुळवली, तरी नमुन्याच्या पट्टीवर फवारून ती दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली अशी दोनदा पाहावी लागते. एका प्रकाशात जुळणाऱ्या दोन रंगांत दुसऱ्या प्रकाशात फरक दिसू शकतो.

अँबेसिडर व फियाट यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. त्यांचे अंग म्हणजेच सांगाडा असतो. त्यामुळे दारांखालच्या पोकळ पेटीत पाणी साचून लागलेला गंज हा दिसण्याचा नव्हे, बळकटीचा प्रश्न ठरतो, आणि तो पुट्टीने झाकणे म्हणजे खरेदीदाराची व प्रवाशांची फसवणूक करणे होय. कुजलेला पत्रा कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. वाळूचा जोरदार मारा करून रंग काढल्यास पातळ पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो, म्हणून मोठ्या सपाट भागांवर रासायनिक रिमूव्हर किंवा हाताची घासाई बरी. हातोडी आणि डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, यांनी पोचे जितके निघतील तितके काढून उरलेल्या सूक्ष्म खळग्यांपुरतीच पुट्टी लावली जाते. जाड पुट्टी उन्हातान्हात तडकते व तिच्या कडा रंगातून उमटू लागतात.

यानंतरचा क्रम ठरलेला असतो : गंजरोधक प्रायमर, त्यावर घासून सपाट करता येणारे सरफेसर, मग रंग. पुट्टीला ८० क्रमांकाच्या पेपरने आकार देऊन क्रमाने बारीक पेपरकडे गेल्यावर सरफेसर ४०० ते ६०० क्रमांकाच्या पेपरने पाण्यात घासतात. रंग कोणता, यावर मात्र दुमत आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत ड्यूको या नावाने आलेले नायट्रोसेल्युलोज लॅकर हवेतच वाळते, पण बरेच पातळ थर देऊन ते घासून चमकवावे लागते; कारखान्यातील भट्टीचे एनॅमल रिकाम्या सांगाड्यावर साधारण १२० ते १५० अंश सेल्सियसला पक्के होते, आणि वायरिंग व रबर बसवलेल्या गाडीला गॅरेजमध्ये एवढी उष्णता देता येत नाही. म्हणून आज बहुतेक ठिकाणी हार्डनर मिसळायचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, गॅरेजच्या भाषेत पीयू, वापरला जातो. तो टिकाऊ खराच. पण त्यावर पारदर्शक क्लिअर कोट चढवला, की गाडीला जन्मात कधी नव्हती अशी काचेसारखी चमक येते. साध्या, धातुकणविरहित रंगाच्या गाडीवर क्लिअर न देता पीयूचा एकपदरी रंग मारून हलकी घासाई केल्यास टिकाऊपणा आणि त्या काळाचे रूप यांचा बरा मेळ बसतो. जुन्या एनॅमलवर थेट लॅकर मारू नये; त्याचे जहाल थिनर खालच्या थरात शिरून तो उचलते आणि पृष्ठभाग सुरकुततो.

रायपूरच्या हवामानात या क्रमाइतकाच मोसमही महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या बराच वर असतो, तेव्हा फवारलेला थेंब पृष्ठभागावर पसरण्याआधीच सुकू लागतो आणि रंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो. सावकाश उडणारे थिनर वापरून आणि पहाटे काम उरकून हा दोष कमी करता येतो, टाळता मात्र येत नाही. वर्षाचा सुमारे १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्या दमट हवेत लॅकरचे थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि ताज्या रंगावर दुधी धुरकटपणा चढतो. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्प पाणी होऊ लागते त्यापेक्षा, निदान तीन अंशांनी अधिक असावे, हा रंगकामातील सर्वमान्य संकेत पावसाळ्यात पाळणे जवळजवळ अशक्य होते. उघड्या पत्र्यावर तर एका रात्रीत गंजाचा पिवळा पदर येतो, म्हणून पत्राकाम पावसाच्या तोंडाशी अर्धवट सोडण्यासारखा नाश दुसरा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल. तेव्हा अडचण उरते ती धुळीची. रायपूरजवळच्या उरला व सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे हवेत लोहमिश्रित काजळी असते, आणि ओल्या रंगात बसलेला तिचा कण पुढे तांबूस ठिपका होतो. बंदिस्त बूथ नसल्यास जमिनीवर पाणी शिंपडून, खोलीला ताडपत्री लावून आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी व तेल गाळणारे फिल्टर बसवून काम भागवले जाते. स्प्रे गन पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटरवर काटकोनात धरून प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असा मारतात. मनगट वळवून कमान काढणाऱ्या पेंटरच्या कामात मध्ये रंग दाट व कडांना विरळ पडतो.

पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेटांमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा कापडी रुमाल त्यापासून काहीच संरक्षण देत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. जुन्या पिवळ्या व लाल रंगांत शिशाचे क्रोमेट असण्याचा संभव असल्याने ते कोरडे घासू नयेत.

छटा निवडताना कायदाही पाहावा लागतो. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, तो बदलल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते. आणि लष्करातून निकाली निघालेल्या जीपला तिचा मूळ ऑलिव्ह हिरवा रंग देण्याची मालकाची इच्छा कितीही इतिहासशुद्ध असली, तरी तो रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव असल्याने केंद्रीय नियम तिच्या आड येतो. अशा जीपच्या बाबतीत मूळ रंगाचा छोटा पट्टा आतल्या बाजूस अस्पर्श राखून बाहेरून वेगळी छटा देणे, हा व्यवहार्य मार्ग आहे.

नवा रंग हाताला कोरडा लागला, तरी त्यातील द्रावक पुढे काही आठवडे बाहेर पडत राहतो. तोवर मेण लावू नये आणि हवा कोंडणारे प्लॅस्टिकचे आवरण तर मुळीच घालू नये. सुती आवरण घालण्यापूर्वीही गाडी पाण्याने धुवावी लागते, कारण छतावर बसलेली लोहधूळ कापडाखाली घासली गेल्यास पहिल्याच महिन्यात रंगावर बारीक ओरखडे उठतात.