फटफटीची ‘मिसिंग’ आणि ठिणगीचा इतिहास

आजचा विषय वरवर अगदी किरकोळ वाटेल. मोटरसायकल एका किकमध्ये सुरू होते, आयडलिंगला सुरेख चालते, पण ठराविक आरपीएमला आली की ठोके चुकवायला लागते. गॅरेजच्या भाषेत ‘गाडी मिसिंग मारते’. हा आवाज शंभर वर्षांपूर्वीही असाच होता, पण त्याचा अर्थ मात्र दर पिढीत बदलत गेला. तो कसा बदलला, हे आज आपण पाहू.

सुरुवात करू १८८५ पासून. डाइमलरच्या दुचाकीत ठिणगी नव्हतीच. बर्नरने लाल केलेली एक नळी सिलिंडरला जोडलेली असे आणि मिश्रण तिच्यात शिरून पेटे. नेमकं कधी पेटायचं, यावर ताबा नाही. त्यामुळे इंजिनाची मजल सुमारे ६०० आरपीएमपर्यंतच. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द दियाँ-बुताँ यांनी विजेच्या ठिणगीची वेळ कॅमने बांधली आणि इंजिन १५०० च्या पुढे पळू लागलं. म्हणजे वेगाची मर्यादा लोखंडात नव्हती, पेटवण्यात होती. ‘ठराविक आरपीएमला मिसिंग’ ही तक्रार खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली असं म्हणता येईल.

पुढे दोन वाटा फुटल्या. पहिली मॅग्नेटोची. बॉशच्या कारखान्याने १८९७ मध्ये द दियाँच्या तीनचाकीवर मॅग्नेटो बसवला आणि १९०२ मध्ये तिथल्याच होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग ही जोडी सिद्ध केली. दुसरी वाट बॅटरी आणि कॉइलची. केटरिंग यांची ही पद्धत १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आली.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळी गोम इथेच आहे. मॅग्नेटो फिरेल तशी वीज करतो. हळू फिरला तर ठिणगी मरतुकडी, जोरात फिरला तर टणक. बॅटरी-कॉइलचं बरोबर उलटं. कॉइल भरायला वेळ लागतो. वेग वाढला की तो वेळ कमी पडतो. म्हणजे खालच्या आरपीएमची मिसिंग मॅग्नेटोच्या गाडीत अशक्त चुंबकाकडे बोट दाखवेल, तर वरच्या आरपीएमची मिसिंग कॉइलच्या गाडीत पॉइंटकडे. लक्षणाचं नाव एकच, रोग मात्र वेगळे.

एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते. ४००० आरपीएमला सेकंदाला साधारण ३३. कॉइलला एवढा वेळ पुरतो. मग तिथे मिसिंग का येते? पॉइंटचा गॅप जास्त असेल तर तो बंद राहण्याचा काळ घटतो. त्याची स्प्रिंग सैल पडली असेल तर पॉइंट उसळी घेतो आणि वेळेवर बंदच होत नाही. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंट जळतात. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट आणि म्हैसूरची जावा सांभाळणाऱ्या मिस्त्रींच्या खिशात फिलर गेज आणि पॉलिश पेपर असायचा, तो उगाच नव्हे.

पण सगळा दोष ठिणगीवर ढकलून चालत नाही. कार्ब्युरेटरचं राज्य ॲक्सिलरेटरच्या पिळण्यावर चालतं, आरपीएमवर नाही. पहिल्या पाव पिळापर्यंत मुख्यतः पायलट जेट, मधल्या भागात निडल, शेवटच्या पावात मेन जेट. म्हणून जुन्या कारागिरांची एक साधी युक्ती होती. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या भागावर चिकटपट्टी लावून खुणा करायच्या आणि गाडी वेगवेगळ्या गिअरमध्ये चालवायची. गिअर कुठलाही असो, मिसिंग त्याच आरपीएमला आली तर आधी इग्निशन पाहा. आरपीएम बदलला तरी मुठीच्या त्याच खुणेवर आली तर आधी कार्ब्युरेटर.

तिसरा प्रकार जरा फसवा. स्टँडवर कितीही रेस करा, गाडी ठणठणीत. भार घेऊन घाट चढू लागली की ठोके चुकतात. याचं उत्तर १८८९ मध्ये पाशेन यांनी मांडलेल्या नियमात आहे. हवेचा दाब वाढला की तेवढ्याच फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. घाटात मूठ पिळली की सिलिंडर पुरेपूर भरतो, दाब वाढतो आणि झिजून गॅप वाढलेला प्लग किंवा तडकलेली प्लग कॅप उघडी पडते. राजदूतवर दुधाचे कॅन लादून चढणीच्या गावांत फिरणाऱ्यासाठी हा काही पुस्तकी नियम नव्हता. घरी गाडी तपासून ‘काही नाही झालेलं’ म्हटलं, तर वाटेत दूध नासायचं.

१९६९ मध्ये कावासाकीच्या एच-वनवर सीडीआय आलं आणि आपल्याकडे १९८५ च्या आरएक्स १०० ने ते गल्लोगल्ली पोचवलं. पॉइंट गेले, मिसिंग राहिली. अनेक सीडीआयमध्ये कमी आणि जास्त वेगासाठी वेगवेगळी वेटोळी असतात; एक निकामी झालं तर गाडी फक्त त्याच पट्ट्यात अडखळते. आता तिथे पॉलिश पेपर उपयोगाचा नाही, मल्टिमीटर लागतो. मात्र गाठलेलं ज्ञान एका डबीत सीलबंद झालं, आणि ‘डबी बदलून बघू’ ही सवय लागली. आधी प्लग, मग डबी, मग कॉइल, मग कार्ब्युरेटर. गिऱ्हाइकाने चार वस्तूंचे पैसे मोजायचे, बिघडलेली असायची एक.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, फ्युएल इंजेक्शन सर्रास आलं, आणि डॅशवरचा दिवा बिघाड सांगू लागला. पण दिवा कोड देतो, कारण देत नाही. कुठल्या आरपीएमला, किती पिळीला, भारावर की रिकामी, गरम झाल्यावर की थंड असताना, हे चार प्रश्न आजही माणसालाच विचारावे लागतात. हे प्रश्न विचारणाऱ्या मिस्त्रीला आपण पार्ट बदलण्याचे पैसे देतो, विचार करण्याचे देत नाही. ती मजुरी आपण द्यायला शिकलो, तरच ही विद्या पुढच्या पोरांपर्यंत पोचेल.