आईला उपदेश, आईला उसंत

मुले कशी वाढवावीत हे आईला समजावून सांगणारी पुस्तके मराठीत सव्वाशे-दीडशे वर्षे निघत आली आहेत. आमच्या बडोद्यातील जुन्या वाड्यांत, किंवा इंदूर-ग्वाल्हेरकडील आप्तांच्या माजघरांत, पुठ्ठा निसटलेले, वाळवीने कडा कुरतडलेले असे एखादे पुस्तक अजूनही हाती लागते. ही पुस्तके चाळताना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. वाचणाऱ्या आईला दुपारची तास-दोन तास सवड आहे, घरात दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नाही आणि मूल दिवसभर तिच्या नजरेसमोर आहे, हे लेखकाने मनाशी धरूनच चालविलेले असते. जिला ही सवड नाही तिच्याविषयी पुस्तक गप्प असते. ही उणीव ज्या बाईच्या ध्यानात आली आणि तिच्यावर जिने इलाज शोधला तिचे नाव ताराबाई मोडक. त्यांची वाट इंदूर, राजकोट, भावनगर अशी बृहन्महाराष्ट्रातून गेलेली असल्यामुळे आपल्या मंडळींना ती सविस्तर सांगावी असे आम्हांस वाटले.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. १८८२ साली पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ पुण्यास प्रसिद्ध झाले. रमाबाई तेव्हा अवघ्या चोवीस वर्षांच्या, त्याच वर्षी वैधव्य आलेल्या आणि वर्षाच्या मुलीची आई. पुस्तकात विद्या, विनय, गृहकृत्ये यांच्याबरोबर अपत्यांच्या पालनपोषणाचे व शिक्षणाचे प्रकरण आहे. सूर कडक आहे. स्त्रियांनी आळस व अज्ञान टाकावे, म्हणजे संतती आपोआप सुधारेल, असा एकंदर रोख. पुढे ज्या रमाबाईंनी रूढींवर इतके प्रखर लिहिले त्यांच्याच लेखणीतून आलेला हा दोषारोप आज वाचताना मन थबकते. पण त्या काळी सुधारणेची भाषाच तशी होती. या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा त्यांना पुढील वर्षी विलायतेस जाण्याच्या कामी आला, ही गोष्टही नोंदण्याजोगी.

त्याच सुमारास दुसरी एक आई निराळ्या मार्गाने विचार करीत होती. आनंदीबाई जोशी यांना १८७८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मुलगा झाला व तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर तो वाचता, हा सल त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेला. १८८६ साली पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तोही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. आनंदीबाईंचे मूल गेले ते त्यांच्या आळसामुळे नव्हे, आणि कोणत्याही नीतिपर पुस्तकाने ते वाचले नसते. चौदा वर्षांच्या मुलीला बाळंतपण येणे ही मूळ गोष्ट होती. आमच्या बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह-प्रतिबंधक कायदा करून मुलीचे वय बारा व मुलाचे सोळा ठरविले. आज आकडे ऐकून हसू येईल. त्या वेळी त्यावरही गहजब झाला होता. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, त्यात मुलीही होत्या. आईला सल्ला देण्याऐवजी तिची परिस्थिती बदलावी, हा विचार राज्यकारभारात असा कुठे कुठे डोकावू लागला होता. असो.

आता भावनगरकडे वळू. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि या मुलाला शिकवावे कसे या चिंतेने त्यांनी शोध सुरू केला. बडोदे संस्थानाच्या ग्रंथालय चळवळीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते त्या मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मॉन्टेसरी पद्धतीची ओळख झाली. पुढे वकिली सुटली. १९१६ साली ते दक्षिणामूर्ति संस्थेत आले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. मिशा राखणारा हा गृहस्थ मुलांत इतका रमे, की गुजरातेत त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, हे नाव पडले. आईचे काम आईच करू शकते या समजुतीला तो एक हसतखेळत दिलेला धक्काच होता.

ताराबाई मूळच्या केळकर. जन्म १८९२, मुंबईचा. घर प्रार्थना समाजाच्या वळणाचे. बालपणाचा काही काळ इंदुरात गेला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाह झाला तो टिकला नाही, आणि १९२१च्या सुमारास त्या लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहण्यास निघाल्या. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या जागेवर येणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. अधिकार होता, पगार होता, मान होता. १९२३ साली हे सर्व सोडून त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. एकट्या आईने सुरक्षित नोकरी सोडून बालमंदिरात येणे याचे मोल ज्यांनी सरकारी चाकरीत आयुष्य काढले त्यांना चटकन कळेल.

नऊएक वर्षे या दोघांनी भावनगरात काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, ‘शिक्षणपत्रिका’ चालली, आणि १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाईंनी काढली. गिजुभाईंची पुस्तके हिंदीत नेली ती काशिनाथ त्रिवेदी यांनी. या लिखाणात मातापित्यांना दिलेला सल्ला पूर्वीच्या पुस्तकांहून फार वेगळा आहे. पूर्वी मुलाने कसे वागावे हे आईने त्याला शिकवायचे होते. येथे आईबापांनी काय करू नये याचीच यादी मोठी. मारू नका. बक्षिसाची लालूचही दाखवू नका. बागुलबुवाची भीती घालू नका. पाहुण्यांसमोर मुलाला उभे करून श्लोक म्हणवून घेऊ नका. त्याला स्वतःच्या हाताने जेवू द्या, सांडले तर सांडू द्या. खुंटी आणि फळी त्याच्या हाताला येईल इतकी खाली लावा. घरातील खरे काम त्याला करू द्या, केर काढू द्या, भाजी निवडू द्या. गिजुभाईंच्या एका पुस्तकाचे नावच ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ असे आहे. आकरुं म्हणजे कठीण. ज्या शतकारंभी आईपण हे बाईला जन्मतःच येते असे समजले जाई, तेथे ‘हे कठीण काम आहे, शिकावे लागते, बापालाही शिकावे लागते’ हे म्हणणे धाडसाचे होते.

खुंटीची ती सूचना आम्हांस विशेष आवडते. वागणुकीवर व्याख्यान न देता भिंतीवरील खिळा दीड हात खाली आणला, की मुलाचा सदरा जमिनीवर पडण्याचे थांबते आणि आईचे ओरडणेही थांबते. घराची रचना बदलून माणसांतील भांडण मिटविण्याचा हा मार्ग आमच्या पिढीतील कित्येक घरांना पन्नास वर्षांनंतरही सुचला नव्हता. आमच्या स्वतःच्या घरी तर नक्कीच नाही.

तथापि येथेही ती जुनी उणीव होतीच. भावनगरचे बालमंदिर तख्तेश्वरच्या टेकडीवर, सुरेख वास्तूत. तेथे मुले पाठविणारे पालक पांढरपेशे. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढला, तेथील पालकही त्याच वर्गातले. त्याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची गोळी चाटवून, झोपवून कामावर जात. गुजरातेत तिला बाळागोळी म्हणत. १९३१ साली अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगानेही या प्रकाराची दखल घेतली आहे. डॉक्टरांनी, सुधारकांनी आयांना बजावले की अफू देऊ नका. सल्ला शंभर टक्के खरा होता. पण गोळी न दिली तर दहा तास त्या मुलाला पाहणार कोण, याचे उत्तर सल्ल्यात नव्हते. ते होते पाळणाघरात. जेथे गिरणीने पाळणाघर उघडले आणि ते नीट चालविले तेथेच गोळी सुटण्याची आशा होती.

ताराबाईंना ही गोष्ट पुस्तकांतून कळली की डोळ्यांनी दिसली, यावर आम्ही तर्क करीत नाही. घडले ते असे : १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईचे जमलेले काम सोडून त्या बोर्डीस गेल्या. बोर्डी म्हणजे समुद्रकाठी, गुजरातच्या वेशीवरचे गाव. बरोबर अनुताई वाघ आल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झालेला आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत सुंदर बालवाडी उघडली आणि खालच्या थरांतील मुले तिकडे फिरकलीच नाहीत. शहरी बुद्धीच्या माणसाने येथे आयांच्या अज्ञानावर लेख लिहिला असता. या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात झाडलोट करायची, जमलेल्या मुलांना अंघोळ घालायची, नखे कापायची, गाणी-गोष्टी सुरू करायच्या. मॉन्टेसरीची महागडी परदेशी साधने येथे परवडणारी नव्हती. शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या यांवर मोजणी आणि रंग-आकार शिकवले जाऊ लागले. एका जागी कायम चालणारी ती केंद्रवर्ती बालवाडी आणि अंगणात भरणारी ती अंगणबालवाडी, असे दोन प्रकार ठरले. अंगणातल्या बालवाडीचा एक लाभ असा, की आई कामावर जाण्याआधी किंवा आल्यावर कुडाच्या आडून ते पाहत असे. तिला कोणी बोलावून उपदेश केला नाही. आपल्या मुलाला कसे न्हाऊ घालतात, रडले तर काय करतात, हे तिने आपल्या दारात पाहिले.

१९५७ साली काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात.) वस्ती वारली आदिवासींची. आईबाप पहाटेच मजुरीला, गवत कापायला जात. मागे घरात राही सात-आठ वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचे भावंड. ही मुलगी शाळेत येत नसे, कारण भावंडाला शाळेत घेत नसत. भावंड बालवाडीत येत नसे, कारण त्याला आणणारीला तेथे काही काम नसे. या गाठीवर विकासवाडीची कल्पना बेतलेली होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने तान्हे मूल पाळणाघरात द्यावे, मधले बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात जाऊन बसावे. जे मुलगे गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळाच कुरणात भरविली, ती कुरणशाळा. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत याला काय म्हणतात ते म्हणोत. आमच्या मते मातांसाठी त्या शतकात दिला गेलेला हा सर्वांत व्यवहारी सल्ला होता, आणि तो एका शब्दानेही आईला उद्देशून नव्हता.

हेच काम शास्त्राच्या अंगाने आमच्या बडोद्यातही चालले होते. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि गृहविज्ञान हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय ठरला. बालविकास हा त्यातील एक भाग. विद्वान मंडळींनी तेव्हा ‘आता स्वयंपाकाची पदवी निघणार’ अशी थट्टा केली. त्या शाखेविषयी स्वतंत्र लेख व्हावा, येथे विस्तार नको.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३च्या ऑगस्टअखेर त्या गेल्या. अनुताईंनी पुढे एकोणीस वर्षे कोसबाड सांभाळले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव मिळाले अंगणवाडी. नावात आणि कल्पनेत बोर्डी-कोसबाडची छाप उघड आहे. आज देशातील अंगणवाड्यांची संख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात आहे. पूरक आहार, लसीकरण, वजनाची नोंद, गरोदर मातांची काळजी हे त्यांत आले, आणि त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पाळणाघर मात्र मूळ योजनेत आले नाही. केंद्र काही तास उघडे राहणार, तीन वर्षांखालील मूल दिवसभर तेथे राहणार नाही. कोसबाडने तीन पायांवर उभी केलेली तिपाई सरकारी कागदावर येताना दोन पायांची झाली.

नोकरीच्या काळात आम्हांस पूर्वपट्टीच्या एका आदिवासी तालुक्यात अंगणवाड्यांच्या तपासणीचे काम काही महिने करावे लागले होते. दुपारी एका केंद्रावर पोहोचलो. पत्रके पाहिली : हजेरी, वजन, धान्यसाठा, सर्व रकाने भरलेले. दाराशी नऊ-दहा वर्षांची मुलगी कडेवर मूल घेऊन बसली होती. हिचे नाव कोणत्या नोंदवहीत, असे आम्ही सेविकेला विचारले. मूल दीड वर्षाचे, त्याचा आहार घरी नेण्यासाठी मिळतो, तो त्या वहीत आहे, असे ती म्हणाली. आणि मुलगी? ती शाळेच्या पटावर आहे, पण इथे बसते, आई रोजगाराला जाते. मग सेविका जरा घाबरून म्हणाली, “साहेब, मी तिला हाकलत नाही. इथे पाटी दिली आहे तिला. पण ते कुठे लिहायचे ते मला ठाऊक नाही.”

आमच्याजवळच्या पत्रकातही त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही शेऱ्यात काही लिहिले नाही. लिहिले असते तर त्या बाईलाच खुलासा द्यावा लागला असता.